कलपाच्या डबीवरील सूचना

गेल्या हिवाळ्यात आमच्या शाखेतील एक ज्येष्ठ सहकारी भाचीच्या लग्नासाठी रजा घेऊन नागपुरास गेले आणि परत आले ते डोळ्यांवर काळा चष्मा लावून. निवृत्तीस दोन वर्षे उरलेले हे गृहस्थ. वधूचा मामा म्हणून अंतरपाटाजवळ उभे राहावयाचे, तेव्हा केसांना कलप लावता लावता ब्रशावर उरलेला रंग त्यांनी मिशांवरून भिवयांवरही फिरविला. दुसऱ्या दिवशी पापण्या सुजून डोळे मिटले. मंगलाष्टके त्यांनी ऐकली, पाहिली मात्र नाहीत. तेथील डॉक्टरांनी औषध देण्यापूर्वी एवढेच विचारले, की डबीवर काय लिहिले आहे ते आपण वाचले होते काय? तीस वर्षे दुसऱ्यांची टिपणे ‘तळटीप पाहावी’ असा शेरा मारून परत पाठविणाऱ्या माणसाला हा प्रश्न किती लागला असेल, हे आपल्यासारख्या कचेरीतील वाचकांस वेगळे सांगावयास नको.

ती डबी पुढे आमच्या हाती आली. तिच्यावर मुंगीएवढ्या अक्षरांत, इंग्रजीत आणि हिंदीत, सूचना छापली होती. या मालातील द्रव्यांनी काहींच्या त्वचेस दाह होण्याचा संभव आहे, म्हणून आधी चाचणी घ्यावी. आणि पापण्या व भिवया रंगविण्यासाठी याचा उपयोग करू नये, त्याने अंधत्व येऊ शकते. मजकूर असा नेमका, की तो कारखानदाराने आपण होऊन लिहिला असेल असे वाटेना. कोणता दुकानदार आपल्या मालावर ‘अंधत्व’ हा शब्द छापील? हे सरकारी वाक्य आहे, हे आमच्यासारख्या कारकुनाच्या कानास तत्काळ कळले. मग त्याचे मूळ शोधण्याचा छंदच लागला. आणि ते मूळ आमच्या मंत्रालयांच्या दालनांत न सापडता अमेरिकेतील ओहायो प्रांतात, १९३३ सालात सापडले.

कलपातील मुख्य द्रव्याचे नाव पॅराफेनिलिनडायअमिन. नाव उच्चारण्यास कठीण; म्हणून आपण त्याचे जन्मस्थान तेवढे ध्यानात ठेवू. ते जन्मस्थान म्हणजे दगडी कोळशाचे डांबर. १८५६ साली विल्यम पर्किन या इंग्रज तरुणाने डांबरातून निघणाऱ्या द्रव्यापासून जांभळा रंग तयार केला आणि त्या काळ्या चिकट्यातून रंगांची एक संपूर्ण सृष्टीच बाहेर पडली. फ्रान्समध्ये युजीन श्यूलर या रसायनज्ञाने १९०७ च्या सुमारास केसांसाठी असा कलप सिद्ध केला व दोन वर्षांनी कंपनी काढली. ‘लोरेआल’ ती हीच. केसावर हा रंग टिकतो, कारण तो केसाच्या आत शिरून तेथेच पक्का होतो. केस निर्जीव असल्यामुळे त्यास त्याचे काही वाटत नाही. परंतु त्वचा सजीव आहे, आणि डोळा तर त्याहून हळवा.

अमेरिकेत अन्न व औषधे यांचा पहिला मोठा कायदा १९०६ साली झाला. आधीच्या मसुद्यांत सौंदर्यप्रसाधनांचा उल्लेख होता. वाटाघाटींत तो गळाला. परिणाम असा, की क्रीम, पावडर, कलप या वस्तू कायद्याच्या दृष्टीने ना अन्न ठरल्या ना औषध. रोग बरा करण्याचा दावा डबीवर असेल तरच सरकारी अधिकाऱ्यास बोलता येई. सौंदर्य वाढविण्याचा दावा करणाऱ्यास, त्यात विष का असेना, कोणी विचारीत नसे. ‘हा विषय या शाखेच्या कक्षेत येत नाही’ असा शेरा लिहून नस्ती परत पाठविताना आपण कोणावर काय ओढवून ठेवतो, याचा विचार आम्ही तरी या प्रकरणाआधी केला नव्हता.

१९३० नंतर तेथे ‘कोरेम्लू’ नावाचे नको असलेले केस काढणारे क्रीम विकले जाई. त्यात थॅलियमचा क्षार होता. उंदीर मारण्याच्या औषधातही त्या काळी थॅलियम वापरीत. चेहऱ्यावरील लव काढावयास गेलेल्या स्त्रियांचे डोक्यावरचे केस गेले, काहींचे पाय लुळे पडले. नुकसानभरपाईच्या दाव्यांखाली कंपनीचे १९३२ साली दिवाळे वाजले. सरकारने बंद केली म्हणून नव्हे, तसा अधिकारच सरकारपाशी नव्हता.

त्यानंतरचे वर्ष ‘लॅश ल्यूर’चे. पापण्या रंगविण्याचा हा रंग म्हणजे कलपातीलच ते डांबरजन्य द्रव्य. ओहायोतील डेटन गावची एक गृहिणी शाळेच्या पालक-शिक्षक मेळाव्यात तिचा सत्कार होणार म्हणून सौंदर्यगृहात गेली. तेथे तिच्या पापण्यांस हा रंग लावण्यात आला. काही तासांत डोळे जळू लागले, पापण्या व्रणांनी भरल्या, आणि तिची दृष्टी गेली ती कायमची. वैद्यकीय नियतकालिकांतून असे अनेक रुग्ण नोंदविले गेले. एका स्त्रीचा मृत्यूही झाला. तरीही रंग दुकानात विकावयास होताच.

त्याच १९३३ साली नव्या कायद्याचे विधेयक सिनेटमध्ये आले. ते मांडणारे सिनेटर रॉयल कोपलँड स्वतः डॉक्टर होते. कारखानदार, जाहिरातदार व वृत्तपत्रे यांनी पाच वर्षे त्यास रोखून धरले. इकडे अन्न व औषध प्रशासनाच्या अधिकाऱ्यांपुढे वेगळाच पेच होता. सरकारी पैशाने कायद्याचा प्रचार करण्यास त्यांस बंदी होती. त्यांनी मार्ग काढला तो नामी. कायद्यास हात लावता येत नव्हता अशा मालाच्या बाटल्या, जाहिराती आणि त्या मालाने बाधलेल्या माणसांची छायाचित्रे एवढेच त्यांनी फलकांवर मांडले. डेटनच्या त्या स्त्रीची रंगापूर्वीची आणि नंतरची अशी दोन छायाचित्रे त्यांत होती. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट यांनीही ते प्रदर्शन पाहिले. लोकांनी त्यास ‘भयदालन’ असे नाव दिले, आणि याच खात्यातील अधिकारी रूथ लॅम यांनी त्या नावाने १९३६ साली पुस्तकही लिहिले. महिला संघटनांनी विधेयक उचलून धरले. सरकारी नोकर नियमाच्या चौकटीत राहून किती करू शकतो, याचे याहून चांगले उदाहरण आमच्या पाहण्यात नाही.

तथापि कायदा झाला तो एका औषधाच्या पायी. १९३७ साली टेनेसीतील एका कारखान्याने सल्फानिलमाइड हे औषध डायएथिलिन ग्लायकॉलमध्ये विरघळवून ‘एलिक्झिर’ या नावाने विकले. कारखान्याच्या प्रयोगशाळेत त्या मिश्रणाची चव, रंग व वास तपासला होता. विषारीपणा तपासला नव्हता. शंभरावर माणसे दगावली, त्यांत पुष्कळ मुले. कारखान्याच्या मुख्य रसायनज्ञाने पुढे आत्महत्या केली. आणि सरकारने हा माल जप्त केला तो कोणत्या कलमाखाली? ‘एलिक्झिर’ म्हणावयाचे तर त्यात मद्यार्क हवा, तो यात नाही, सबब नाव खोटे, या कलमाखाली! (याच ग्लायकॉलने मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९८६ साली चौदा रुग्ण दगावले. दूरच्या कथा दूरच्या राहत नाहीत.)

२५ जून १९३८ रोजी नव्या कायद्यावर सही झाली. कोपलँड आठच दिवस आधी वारले होते. प्रसाधनांस प्रथमच कायद्यात जागा मिळाली आणि अंगास चोळावयाची, ओतावयाची, शिंपडावयाची किंवा फवारावयाची, स्वच्छता व सौंदर्य यांसाठी योजलेली वस्तू अशी त्यांची व्याख्या झाली. साबण तेवढा वगळला. ‘लॅश ल्यूर’ हा नव्या कायद्यान्वये जप्त झालेल्या पहिल्या मालांपैकी एक.

पण खरी गोम पुढे आहे. अपायकारक द्रव्याचे प्रसाधन विकू नये, हे कलम कलपास लावले असते तर डांबरजन्य कलप बाजारातून उठलाच असता. कारखानदार व सौंदर्यगृहांचे मालक यांनी जोर केला, आणि अमेरिकन काँग्रेसने तडजोड केली. केसांच्या कलपास सूट. अट एवढीच, की डबीवर सूचना छापावी. पापण्या व भिवयांच्या रंगास मात्र सूट नाही. ज्या द्रव्याने दृष्टी गेली ते पापणीवर निषिद्ध आणि त्याहून चार बोटे वर, सूचनेसह, संमत! आमच्या सहकाऱ्यांच्या डबीवरील वाक्य ते हेच. डेटनच्या त्या स्त्रीचे नाव त्यात नाही, पण ते तिच्यावाचून लिहिले गेले नसते.

आता रसायनज्ञांकडे वळू. कारण कायद्याने सूचना छापविली, तरी डबीत काय घालावे हे ठरविणारा माणूस तोच. १९३८ पूर्वी या धंद्यात रसायनज्ञ म्हणवून घेण्यात फारशी प्रतिष्ठा नव्हती. विद्यापीठांतील विद्वान क्रीम-पावडरीस शास्त्र मानीत नसत, आणि कारखान्याचा मालक आपली कृती तिजोरीत ठेवी. नव्या कायद्याने प्रसाधनांत घालावयाच्या डांबरजन्य रंगाचा प्रत्येक घाणा सरकारकडून प्रमाणित करून घेणे भाग पाडले (कलप यातूनही सुटला). मालात काय आहे याचे उत्तर देणारा जबाबदार माणूस आता कारखान्यास लागू लागला. डेट्रॉइटचे मेसन डी नॅव्हार यांनी १९४१ साली या रसायनशास्त्रावर मोठा ग्रंथ लिहिला, आणि १९४५ साली न्यूयॉर्क येथे प्रसाधन-रसायनज्ञांची संस्था स्थापन झाली. एकमेकांचे स्पर्धक असलेल्या कारखान्यांचे नोकर एका सभागृहात बसून तेल व पाणी एकजीव कसे राहील, मलम का नासते, त्वचा का बिघडते, यांवर निबंध वाचू लागले. १९४७ पासून त्यांचे नियतकालिक निघू लागले, पुढील वर्षी ब्रिटनमध्ये भगिनीसंस्था झाली, आणि १९५९ साली ब्रसेल्स येथे या संस्थांचा आंतरराष्ट्रीय संघ जन्मास आला. मुंबईतील भारतीय संस्थाही आज याच परिवारातील आहे.

या संस्थांविषयी आमचे मत संमिश्र आहे. गुप्त कृतींच्या धंद्यात प्रकाशित निबंधांची रीत त्यांनी पाडली, हे काम लहान नव्हे. एखादे द्रव्य घातक ठरल्यास ते सर्वांस एकदम कळण्याची सोय झाली. परंतु डॉक्टरास किंवा वकिलास जशी सनद असते आणि ती काढून घेता येते, तशी या रसायनज्ञास नाही. त्याचा पगार कारखानदार देतो, आणि ‘हा माल विकू नका’ असे म्हणण्याचे बळ सभासदत्वाच्या कार्डातून येत नाही. १९७५ साली कॅलिफोर्नियातील ब्रूस एम्स व त्यांचे सहकारी यांनी बाजारातील १६९ कलप जिवाणूंवर तपासले. १५० कलपांनी जिवाणूंच्या जनुकांत बदल घडविला. ही तपासणी धंद्याबाहेरच्या विद्यापीठात झाली, हे ध्यानात घ्यावे. सरकारने १९७९ साली कलपातील एका द्रव्यासाठी कर्करोगाची सूचना छापण्याचा नियम केला, तेव्हा कारखानदारांनी ते द्रव्यच बदलले. बंदी घालता येत नव्हती; १९३८ ची सूट आड येत होती. मध्यंतरी १९७६ साली धंद्याने स्वतःच्या खर्चाने द्रव्यांची छाननी करणारे तज्ज्ञमंडळ नेमले. मंडळातील तज्ज्ञ स्वतंत्र, पण त्यांचा सल्ला मानणे कोणावर बंधनकारक नाही.

आपल्याकडे मुंबईत ‘अफगाण स्नो’ १९१९ पासून व टाटांची ‘लॅक्मे’ १९५२ पासून असली, तरी १९४० चा औषधांचा कायदा प्रसाधनांविषयी मुका होता. १९६२ च्या दुरुस्तीने त्यात प्रसाधने आली, नावही ‘औषधे व प्रसाधने कायदा’ असे झाले, आणि ती दुरुस्ती १९६४ साली अमलात आली. आम्ही दोन्ही देशांच्या व्याख्या शेजारी शेजारी ठेवून वाचल्या. चोळावयाची, ओतावयाची, शिंपडावयाची, फवारावयाची. शब्दामागून शब्द तेच, साबणाचा अपवादसुद्धा तोच! तो अपवाद आपण १९८२ च्या दुरुस्तीने काढला. ‘पूर्वीच्या नस्तीप्रमाणे मसुदा सादर’ हे ज्यांनी आयुष्यभर लिहिले, त्यांस यात नवल वाटणार नाही. तशीच कलपावरील सूचनाही आली. तिला आपल्या नियमकर्त्यांनी स्थानिक भाषेची जोड दिली, आतील व बाहेरील दोन्ही वेष्टनांवर ती छापण्यास लावली आणि चाचणीची रीत सांगितली: कानामागे किंवा हाताच्या आतल्या बाजूस थोडा कलप लावून चोवीस तास पाहावे, आणि हे प्रत्येक वेळी करावे. कारखान्यात निदान एक पूर्णवेळ जाणकार हवा, अशी अटही घातली. औषधनिर्माणाचा पदविकाधारक मिळाला नाही तरी रसायनशास्त्र घेऊन इंटर झालेला चालेल. डिसेंबर २०२० मध्ये प्रसाधनांचे नियम स्वतंत्र झाले, त्यांतही कलपाची सूचना कायम आहे.

अमेरिकेत अपायकारक प्रसाधन बाजारातून परत घेण्याचा हुकूम सोडण्याचा अधिकार सरकारास मिळाला तो २९ डिसेंबर २०२२ रोजी सही झालेल्या कायद्याने, म्हणजे चौऱ्याऐंशी वर्षांनी. कलपाची सूट त्यातही राहिली.

आमच्या सहकाऱ्यांचे डोळे महिनाभरात पूर्ववत झाले. हा सारा इतिहास आम्ही त्यांना जेवणाच्या सुट्टीत ऐकविला, तेव्हा त्यांनी डबी मागून घेतली, चष्मा कपाळावर चढवून ती सूचना दोन्ही भाषांत वाचली आणि हिंदी भाषांतरातील एक चूक दाखविली. मार्चमध्ये त्यांच्या दुसऱ्या भाचीचे लग्न झाले. केस काळे होते. भिवया मात्र त्यांनी पांढऱ्याच ठेवल्या होत्या.