येरवड्याची वाट

गल्लीच्या एका टोकाला मराठी कानावर यावी, मधल्या वाड्यातून कानडी, मागांच्या खडखडाटातून तेलुगू आणि पुढच्या चौकात उर्दू, हा सोलापूरचा पिढ्यान्‌पिढ्यांचा शिरस्ता आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात येथे 'जुनी गिरणी' उभी राहिली, तिच्यामागून नरसिंगगिरजी, विष्णू, लक्ष्मी अशा गिरण्या आल्या, आणि भोंग्याच्या हुकुमावर उठणारे-निजणारे हे शहर एका नव्या, कष्टाच्या बंधुत्वाने बांधले गेले. हे बंधुत्व ध्यानी घेतल्यावाचून १९३० च्या मे महिन्याचा अर्थ लागत नाही, असे मला मनापासून वाटते.

त्या वर्षी ६ एप्रिल रोजी सोलापूर नगरपालिकेच्या इमारतीवर अण्णासाहेब भोपटकरांच्या हस्ते राष्ट्रध्वज चढला होता. पुढे ४ मेच्या मध्यरात्रीनंतर कराडीच्या मुक्कामी गांधीजींस अटक होऊन त्यांची रवानगी येरवड्याच्या तुरुंगात झाली. ही वार्ता येथे पोहोचताच बाजारपेठ बंद पडली, गिरण्यांतील साचे थांबले आणि मिरवणुकांनी रस्ते भरून गेले. ८ मे रोजी रूपाभवानीच्या परिसरात सत्याग्रही शिंदीची झाडे तोडू लागले. सरकारी अबकारी उत्पन्नाच्या मुळावरच घातलेली ती कुऱ्हाड होती. पोलिसांनी धरपकड केली, जमाव उसळला, आणि कलेक्टर नाइट यांच्या उपस्थितीत झालेल्या गोळीबारात शंकर शिवदारे हा तरुण पडला. त्यानंतर लोकांचा क्रोध अनावर झाला. मंगळवार पेठेची पोलीस चौकी पेटली, न्यायालयाच्या इमारतीस आग लागली आणि पोलीस शिपायांचे प्राण गेले. ते शिपाईही याच देशातील गरिबांची मुले होती, आणि त्यांच्या मरणाचे दुःख झाकून ठेवावे, असे मला कदापि वाटत नाही.

९ मेपासून मात्र जे घडले त्याला सरकारी दफ्तराने केवळ 'दंगल' म्हणावे, हा मोठा अन्याय होय. पोलीस शहरातून निघून गेले, गोऱ्या कुटुंबांना रेल्वे स्टेशनच्या आश्रयास नेण्यात आले, इंग्रजांचा अंमल पेठांतून नाहीसा झाला. आणि ९, १० व ११ मे हे तीन दिवस काँग्रेसच्या स्वयंसेवकांनी शहराचा बंदोबस्त स्वतः राखला. ज्यांना राज्य करण्यास अपात्र ठरवून दीडशे वर्षे राज्य केले गेले, त्यांनी कोणत्याही सनदेवाचून आपल्या गावाची राखण केली!

१२ मे रोजी लष्करी कायदा पुकारला गेला तो ३० जूनपर्यंत राहिला. गांधी टोपी घालणे आणि ध्वज मिरवणे हेही अपराध ठरले, पुढाऱ्यांना कठोर शिक्षा झाल्या, आणि ज्या रस्त्यांवरून मिरवणुका निघत तेथे लष्करी पहारा बसला.

पुढे शिपायांच्या हत्येचा खटला उभा राहिला आणि चौघांस फाशीची शिक्षा झाली. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि 'गझनफर' पत्राचे संपादक, गिरणी कामगारांचे कैवारी अब्दुल रसूल कुर्बान हुसेन हे ते चौघे. लिंगायत, मारवाडी, मराठा आणि मुसलमान अशा चार घरांतील या माणसांना एकत्र आणले ते शहराच्या त्या कष्टाच्या बंधुत्वाने. त्यांचा दोष सोलापूरने कधीच मान्य केला नाही. धनशेट्टींविषयी तर, खवळलेला जमाव शांत करण्यासाठी तेच पुढे झाले होते, असे आजही जुन्या पेठांतून सांगतात. अपिले फेटाळली गेली. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात चौघेही फासावर गेले. ज्यांच्या अटकेच्या वार्तेने हे शहर पेटले होते, ते गांधीजी त्या दिवशी त्याच तुरुंगाच्या भिंतींआड होते. चौदा दिवसांनी, २६ जानेवारीस, त्यांच्यासाठी दरवाजा उघडला.

फाशीच्या दिवशी संक्रांत दोन दिवसांवर आली होती, म्हणजे सिद्धेश्वराच्या गड्डा जत्रेचे ते दिवस. आजही दरवर्षी त्याच आठवड्यात शहरातील चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांना हार पडतात, आणि पांढरी बाराबंदी ल्यालेले भक्त उंच नंदीध्वज तोलून धरीत पेठांमधून देवळाकडे चालत जातात.