लग्नाची मोटार आणि आपली शाहूपुरी

सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी "जुन्या शाहूपुरीवर काहीतरी लिहा" असा चिटणीसांनी आग्रह धरला. बँकेत आयुष्यभर आकडे लिहिले, तेव्हा लेखात चूकभूल द्यावी घ्यावी.

१८९१ साली कोल्हापूरला रेल्वे आली आणि १८९५ मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी स्टेशनलगत ही व्यापारपेठ वसवली. गुळाचं नाव झालं, अडत दुकानं वाढली, अडत्यांच्या दारात मोटारी आल्या. कोल्हापूरकरांना थोरल्या मोटारीचं कौतुक जुनंच. छत्रपती राजाराम महाराजांच्या काळातली मेबॅक आजही दसऱ्याला सोनं लुटायच्या वेळी दसरा चौकात येते. झेपेलिन वायुनौकांची इंजिनं करणाऱ्या जर्मन कारखान्याची ती गाडी. तिला बघायला आम्ही पोरं वडिलांच्या खांद्यावर बसून जायचो.

आमच्या गल्लीची मेबॅक म्हणजे एका अडत्याची काळी ब्यूक. अमेरिकन कंपनीची, आठ सिलिंडरची. माझे वडील त्याच दुकानात दिवाणजी. मालकांचा एक रिवाज होता. दुकानातल्या हमाल-दिवाणजीच्या मुलीचं लग्न असलं की वरातीला गाडी फुकट. फक्त हार-फुलं आपली.

१९७४ च्या मे महिन्यात आमच्या अक्काचं लग्न झालं. आदल्या वर्षीच जगभर तेलाचे भाव भडकले होते, पेट्रोल महागलं होतं. वडील संकोचानं म्हणाले, "मालक, औंदा टांगा करतो." मालक म्हणाले, "दिवाणजी, पोरगी तुमची एकट्याची हाय व्हय?" विषय संपला.

वरात मंगळवार पेठेत जायची होती. पुढे बँड, मागे पेट्रोमॅक्स, मध्ये मुंगीच्या पावलानं ब्यूक. मी ड्रायव्हरमामांच्या शेजारी. व्हीनस कॉर्नरला गाडी धाप लागल्यासारखी झाली आणि बंद पडली. उकाडा, त्यात पायी चालीचा वेग. गाडीला वारा मिळेना, नळीतच पेट्रोलची वाफ झाली. वरपक्षात कुजबुज सुरू झाली. वडिलांचा चेहरा उतरला. मामांनी शांतपणे बॉनेट उघडलं आणि म्हणाले, "एक ओलं फडकं द्या." कुणाकडे फडकं कुठलं? शेवटी नवरदेवानं खांद्यावरचं उपरणं काढून दिलं. ते भिजवून पेट्रोलच्या पंपावर गुंडाळलं. पंधरा-वीस मिनिटांनी गाडी सुरू झाली. बँडवाल्यांनी तेवढ्यात दोन गाणी जास्तीची वाजवली. अक्का अजून म्हणते, "बरं झालं बंद पडली. माहेर हाकेच्या अंतरावर होतं, तेवढंच थोडा वेळ जास्त."

पुढचं लिहावं की नको, असं वाटलं होतं. पण इतिहास लिहायचा तर खरा लिहावा. गुळाचे सौदे मार्केट यार्डात गेले, जुन्या पेढ्या थंडावल्या. मालकही गेले. १९८६ साली त्यांचे चिरंजीव माझ्या टेबलासमोर येऊन बसले. ब्यूकच्या इंजिनकामासाठी कर्ज हवं होतं. इतक्या जुन्या गाडीचं तारण चालत नव्हतं. मी नियम दाखवला, चहा पाजला, अर्ज परत केला. नियम बरोबरच होता, आजही तसंच म्हणेन. पण संध्याकाळी त्यांच्या घरी जाऊन "गल्लीत वर्गणी काढू या, माझे एवढे धरा," एवढं म्हणायला कुठला नियम आडवा येत होता? त्या गाडीतून माझी बहीण सासरी गेली, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी तो शब्द काढला नाही. मीही काढला नाही. काही महिन्यांनी गाडी भंगारात गेली. वडिलांनी त्या दिवशी जेवताना एवढंच विचारलं, "तुझ्याकडं आला होता न्हवं?"

परवा आपल्या सोसायटीतल्या एका लग्नाला भाड्याची जुनी मोटार सजवून आणली होती. पोरं फोटो काढत होती. मी खाली जाऊन बॉनेटवर हात ठेवला. गरम होतं. ड्रायव्हरला म्हटलं, "ओलं फडकं जवळ ठेव बाबा."

एक विनंती. आपल्यापैकी बरीच कुटुंबं शाहूपुरीतल्या जुन्या गल्ल्यांतूनच इथे आली. कुणाच्या लग्नाच्या अल्बममध्ये ती काळी ब्यूक असेल तर मला जरूर दाखवा. अक्काच्या फोटोत नुसतं दार दिसतं. मालकांच्या नातवाला पूर्ण गाडीचा एक फोटो नेऊन द्यायचा आहे. तेवढं देणं राहिलंय.