कडब्याची गंज कुठं गेली?

काल एका पोरानं कडब्याचा भाव विचारला अन् मला वडील आठवले. त्यांच्या काळात देवगावात कडबा विकत आणायचा म्हणजे लाज वाटायची. वैरणीसाठी वेगळं पीक कोण पेरत होतं? एकाच ताटावर माणसाची भाकर अन् बैलाचा कडबा. बाजरीचं सरमाड वरून.

आपली मालदांडी एम-35-1 मोहोळच्या केंद्रावर 1930 च्या दशकात निवडलेली. ताट उंच, गोड. रब्बीत काळ्या रानातल्या ओलीवर यायची, विहिरीला हात लावायचं काम नाही.

मग 1964 ला सीएसएच-1 आली, देशातली पहिली संकरित ज्वारी. दाणा भरपूर, ताट बुटकं. म्हातारे त्या भाकरीला नाक मुरडायचे, जनावरंही कडब्याला. पण 72 चा दुष्काळ ज्यांनी पाहिला ते तिला नावं ठेवणार नाहीत. तेव्हा आधी पोट होतं. फक्त दाण्याचा हिशोब झाला, ताटाचा राहून गेला. पुढं परभणी मोती, फुले वसुधासारखे धान्य अन् कडबा दोन्ही देणारे वाण आले, तोवर आपल्या कन्नड तालुक्यात कपाशी अन् मका शिरली होती. कणीस खुडल्यावर मक्याचं वाळकं धांडं जनावर किती खातं ते तुम्हाला ठाऊक आहे.

कडब्याची जागा घेतली नेपिअरनं. हे मूळ आफ्रिकेतलं गवत, त्याचा बाजरीशी संकर केलेला. राहुरीचे यशवंत, जयवंत त्यातलेच. बी धरत नाही, म्हणून कांडी नाहीतर ठोंब लावायचे. कापलं की पुन्हा फुटतं, गवत झकास आहे, मीही लावलं. पण उन्हाळ्यात त्याला पाणी पाहिजे. म्हणजे वैरण पावसावरून विहिरीवर आली. 2013 च्या उन्हाळ्यात माझ्या विहिरीनं तळ गाठला, नेपिअर जागेवर वाळला, दोन दुभत्या गाई पडेल भावात गेल्या.

हे आपलंच दुखणं नाही. सौदी अरेबियानं वाळवंटात बोअरच्या पाण्यावर लसूणघास पिकवला. पाणी खोल गेलं, तेव्हा सरकारनं हिरव्या चाऱ्यावर बंधनं आणली. तिथल्या दूध कंपनीनं 2014 ला अमेरिकेत ॲरिझोनात जमीन घेतली अन् घास वाळवून गठ्ठे जहाजानं घरी नेले. तिथंही पाणी जमिनीखालचंच! गावकरी ओरडले, शेवटी 2023 ला ॲरिझोना सरकारनं कंपनीचा सरकारी जमिनीवरचा एक करार रद्द केला. त्यांच्याकडं जहाजं आहेत. आपण वैरण कुठून आणणार?

मुरघास चांगलाच आहे, मीही भरतो. पण मका पावसाळ्यात साधली तरच पिशवी भरते.

यंदा अर्धा एकर मालदांडी पेरतोय. शेजारी म्हणतो, कापणीला अन् पेंढ्या बांधायला माणूस मिळत नाही, कशाला उठाठेव? त्याचंही खरं आहे. तरी पेरतोय. कुणाकडं घरचं जुनं बी असेल तर खाली लिहा, पायलीभर घेऊन जाईन.