जात्यावरील ओवीतील निसर्ग व तिची देवाणघेवाण : नांदेड-लातूर परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना :

मराठी निसर्गकवितेचा विचार करताना बालकवी, ना. धों. महानोर ही नावे प्रथम समोर येतात. महानोरांचा ‘रानातल्या कविता’ हा संग्रह १९६७ साली प्रकाशित झाला आणि मराठवाड्यातील शेतकऱ्याच्या रानाला मराठी कवितेत मानाचे स्थान मिळाले. परंतु ज्या स्त्रियांनी हेच रान कित्येक पिढ्या ओवीत बांधले, त्यांची गणना आपण कवींमध्ये करीत नाही. ‘लोकसाहित्य’ या स्वतंत्र कप्प्यात त्यांना ठेवून आपण मोकळे होतो. प्रस्तुत लेखात या ओवीचा, विशेषतः ती एकीकडून दुसरीकडे कशी जात असे याचा, विचार केला आहे.

ओवीचा प्रवास :

दळण बहुधा पहाटे होई. जात्याच्या खुंट्याला सासू-सुनेचे, जावा-जावांचे वा शेजारणीचे हात लागत. एकीने ओवी घातली की दुसरी तिला आपली ओवी जोडीत असे. माहेरी ऐकलेली ओवी लेक सासरी नेई व तिथल्या पिकापाण्याप्रमाणे तिच्यात बदल करी. त्यामुळे ओवीचा नकाशा हा सोयरिकीचा नकाशा होय. उदगीर, निलंगा हे तालुके १९५६ पूर्वी बीदर जिल्ह्यात होते. लातूर जिल्हा तर १९८२ साली अस्तित्वात आला. प्रशासनाच्या या सीमा सोयरिकींना लागू नव्हत्या, तशा ओवीलाही नव्हत्या.

या ओव्यांतील निसर्ग केवळ शोभेचा नाही. पाऊस येतो तो भावाच्या पेरणीसाठी. सीतेच्या ओव्या या दृष्टीने विशेष बोलक्या आहेत. वनात एकट्या पडलेल्या सीतेची समजूत बोरी-बाभळी घालतात. त्याच तिच्या सख्या होतात. चंदन वा अशोकवृक्ष नव्हे, तर बांधावरची काटेरी झाडे! सरपणासाठी ज्यांचे काटे रोज हाताला लागतात, त्याच झाडांना सखी मानणे ही कल्पना ग्रंथातून आलेली नाही.

संकलन आणि कर्तृत्वाचा प्रश्न :

निजाम राजवटीत उस्मानिया विद्यापीठाचे शिक्षणमाध्यम उर्दू होते. त्याच विद्यापीठात मराठीचे अध्यापन करणाऱ्या डॉ. ना. गो. नांदापूरकरांनी या भागातील ओव्या ‘मऱ्हाटीचे स्त्रीधन’ या ग्रंथात संकलित केल्या, ही घटना भाषिक अस्मितेच्या इतिहासातही महत्त्वाची आहे. कमलाबाई देशपांडे यांनी स्त्रीगीतांना ‘अपौरुषेय वाङ्मय’ म्हटले. पुरुषांनी न रचलेले, हा त्यातील अर्थ मार्मिक आहे; परंतु वेदांप्रमाणे कर्ताच नसलेले, हा दुसरा अर्थही त्या शब्दाला चिकटतो, आणि तो मात्र या स्त्रियांवर अन्याय करणारा आहे असे मला वाटते. दुसरीने ओवी बदलली म्हणून पहिलीचे कर्तृत्व नाहीसे होत नाही.

हेमा राईरकर व गी पॉइतवँ यांनी पुण्यातून सुरू केलेल्या संकलनात एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या. २०१७ पासून ‘पारी’ या संकेतस्थळावर त्या प्रसिद्ध होऊ लागल्या. तेथे ओवीसोबत गाणारीचे नाव, गाव, तालुका व जिल्हा नोंदवलेला असतो. इतिहासाच्या अभ्यासकाला ही साधी नोंद फार मोलाची आहे, कारण ‘अज्ञात’ या शब्दाआड दडलेली बाई तिच्यामुळे प्रथमच समोर येते.

विजेवरची गिरणी गावात आली आणि बाईचे कष्ट कमी झाले. त्याबद्दल हळहळ करणे हे स्वतः कधी दळण न दळलेल्यांनाच शोभावे. तथापि ओवी ऐकायला समोर दुसरी बाई राहिली नाही, हेही खरेच. माझ्या आजीला खाटेवर बसून ओवी म्हणा म्हटले तर आठवत नसे. अडगळीतल्या जात्याच्या खुंट्यावर हात ठेवला की एकामागून एक ओव्या येत. त्या कोणत्याही संकलनात नाहीत. त्या कोणी लिहून घेतल्या नाहीत, मीही नाही.