मोलेच्या जंगलात जाताय? दूधसागर बघून परत येऊ नका, थोडं चाला

जूनचा पहिला मोठा पाऊस पडला की बेळगाव, खानापूर, हुबळीकडच्या गाड्या शनिवार-रविवारी अनमोड घाटाकडे वळतात. बहुतेकांना दूधसागर बघायचा असतो. फोटो होतात, भजी होतात, संध्याकाळी माणसं घरी. मोलेचं जंगल बघितलं का, असं विचारलं तर उत्तर येतं, "जंगलातनंच गेलो की!" गेलो खरे, पण बघितलं काही नाही. दोष त्यांचा एकट्याचा नाही. हे जंगल कधी आणि कसं बघायचं, हे आपल्याकडे कुणी नीट सांगतच नाही.

आधी जागा समजून घेऊ. गोव्याच्या धारबांदोडा तालुक्यात, कर्नाटकाच्या हद्दीला लागून भगवान महावीर अभयारण्य आहे. १९६९ साली ते मोले अभयारण्य म्हणून जाहीर झालं, आणि १९७८ मध्ये त्यातल्या गाभ्याच्या भागाला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. एकूण क्षेत्र २४० चौरस किलोमीटर, त्यातलं उद्यान १०७. उत्तरेला म्हादई अभयारण्य, दक्षिणेला नेत्रावळी, घाटावर आपल्या बाजूला काळी व्याघ्र प्रकल्प आणि भीमगड. नकाशावर ही चार-पाच नावं आहेत, पण रान एकच.

ताडोबा किंवा कान्हा बघून आलेल्या माणसाची इथं निराशा होते. इंदूरकडच्या वाचकांना हे विशेष सांगायला हवं, कारण त्यांची सवय जिप्सीत बसून वाघ बघायची. तिकडचं रान कोरडं आणि मोकळं, नजर लांब पोचते. मोलेचं रान सदाहरित आणि निमसदाहरित. वर फांद्यांचं छप्पर, खाली कारवी, वेत, बांबू. दहा पावलांवर अस्वल उभं असलं तरी दिसणार नाही. बिबट्या, अस्वल, सांबर, भेकर, रानडुक्कर, खवले मांजर, चिमुकलं पिसोरी हरीण, सगळं इथं आहे. पण यातलं बरंचसं रात्री फिरणारं, आणि दिवसा माणसाची चाहूल लागली की गप्प बसणारं. त्यातल्या त्यात गवा दिसण्याची शक्यता जास्त. गोव्याचा राज्यप्राणीच तो. सकाळी लवकर किंवा दिवस मावळताना हमरस्त्याच्या कडेलासुद्धा उभा असतो. गाडीतून उतरून त्याच्याबरोबर सेल्फी काढू नका. एकटा नर गवा शांत दिसतो, पण त्याच्या शांतपणावर भरवसा ठेवण्यासारखं काही नाही.

इथं खरी मजा पक्ष्यांची आणि झाडांवरच्या प्राण्यांची. शेकरू फांदीवरून फांदीवर उडी मारताना हमखास दिसतो. धनेशाच्या पंखांचा आवाज आधी येतो, वाफेच्या इंजिनासारखा, आणि मग पक्षी दिसतो. भेरली माडाला फळं धरली असतील तर त्या झाडाखाली थांबा, तो तिथं येतो. लाल पोटाचा मलबारी कर्णा, ओढ्याकाठी माणसासारखी शीळ घालणारा कस्तुर, आणि पिवळ्या अंगाचा, काळ्या डोक्याचा, लाल गळ्याचा बुलबुल. हा बुलबुल गोव्याचा राज्यपक्षी.

पहिल्यांदा गेलो तेव्हा मी चार तास चाललो आणि मोजून तीन पक्षी बघितले. आम्ही पाचजण होतो, आणि पाचही जण बोलत होतो. दुसऱ्या खेपेला स्थानिक वाटाड्या घेतला. तांबडी सुर्लाजवळ एका वेलींच्या जाळीपुढं त्यानं मला उभं केलं आणि बोट दाखवलं. मला वाळकी पानं दिसत होती. पाचेक मिनिटांनी त्या पानांपैकी एकानं डोळा उघडला. बेडूकमुखी नावाच्या रातपक्ष्याची जोडी होती ती, दिवसभर तशीच चिकटून बसते. वाटाड्याला दिलेले पैसे जास्त झाले असं मला तरी वाटलं नाही. हिशेबाचा माणूस असूनही सांगतो.

तेव्हा पहिला नियम हा, की सकाळी साडेसहाला वाटेवर असा. हळू चाला, दर पन्नास पावलांवर थांबा, मोबाईलवर गाणी लावू नका. काळ ऑक्टोबर ते फेब्रुवारी सर्वांत चांगला. पाणी असतं, वाटा कोरड्या असतात, हवा बरी असते. बेडूक, साप, बुरशी, अंधारात चमकणारी लाकडं बघायची असतील तर पावसाळा, पण तो जाणत्या माणसाबरोबरच.

वाटा कुठल्या? मोले नाक्यावर वन खात्याचं प्रवेशद्वार आणि माहिती केंद्र आहे. परवानगी आणि वाटाड्या यांची चौकशी तिथं करायची. सूर्यास्त बघण्याची टेकडी सोपी आहे, मुलाबाळांना जमते. डेव्हिल्स कॅनियन म्हणजे पाण्यानं कातळ कापून केलेली खोल घळ. बघायला सुंदर, पोहायला अजिबात नाही, आत ओढ फार आहे. तांबडी सुर्लाचं महादेव मंदिर मोलेपासून सुमारे तेरा किलोमीटरवर. कदंबकालीन, काळ्या दगडाचं, रानात लपल्यामुळं वाचलेलं. मंदिराच्या मागच्या ओढ्याकाठानं धबधब्याकडं जाणारी वाट पक्ष्यांसाठी उत्तम, मात्र ओढा वाढला असेल तर मंदिरापाशीच थांबायचं. २०२३ च्या पावसाळ्यात नेत्रावळीच्या मैनापी धबधब्यात दोघे बुडाले आणि वन खात्यानं अभयारण्यांतल्या धबधब्यांवर बंदीच घातली होती. नियम दर हंगामात बदलतात, म्हणून निघायच्या आधी फोन करून खात्री करा.

आता दूधसागर. चार टप्प्यांत सुमारे ३१० मीटर कोसळणारं पाणी, ते बघायला नको असं कोण म्हणेल! पण वाट एकच धरा. पावसाळा संपला की कुळेहून जीप सुटतात, ओढे ओलांडत तासाभरात पोचवतात, शेवटचं थोडं अंतर दगडांवरून चालायचं. पावसाळ्यात ही वाट बंद असते, आणि मग आपली पोरं रेल्वेरुळावरून जातात. कॅसलरॉक, करंझोळ, दूधसागर, सोनावळी, कुळे असा हा घाट. चढ १:३७ चा, वळणं, बोगदे, आणि धबधब्याचा आवाज इतका की मागून आलेली गाडी ऐकू येत नाही. उताराला लागलेली मालगाडी जागच्या जागी थांबतही नाही. बोगद्यात बाजूला व्हायला जागा किती असते हे आत गेल्यावर कळतं. रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली हा गुन्हा आहे: ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जुलै २०२३ मध्ये रेल्वे पोलिसांनी अशा पर्यटकांना उठाबशा काढायला लावल्या, तो व्हिडिओ सगळ्यांनी हसत बघितला. पोलिसांनी अडवलं म्हणून ती पोरं वाचली असंही म्हणता येईल, पण तसं कुणी म्हटलं नाही.

जळवांची भीती अनेकांना वाटते. जळू रक्त पिते आणि गळून पडते, मीठ किंवा तंबाखूचं पाणी लावलेले लांब मोजे पुरतात. खरी काळजी गोचिडीची घ्या. माकडताप हा गोचिडीतून येणारा आजार. २०१५ मध्ये सत्तरीतल्या पाळीत आणि पुढच्या वर्षी दोडामार्गात त्याची साथ आली होती. डिसेंबर ते मे हा त्याचा हंगाम, म्हणजे ट्रेकिंगच्याच दिवसांत. पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, पाचोळ्यावर बसू-लोळू नका, घरी आल्यावर गरम पाण्यानं अंघोळ करून कपडे धुवायला टाका. मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता वन खात्याला कळवा. आठ-दहा दिवसांत ताप आलाच तर डॉक्टरांना "जंगलात गेलो होतो" हे आधी सांगा. हे न सांगितल्यामुळं साधा फ्ल्यू समजून दिवस वाया जातात.

या रानाचं पुढं काय, हा विषय कोर्टात आहे. तिनईघाट ते कुळे रेल्वेमार्ग दुपदरी करायला मिळालेली वन्यजीव मंडळाची मंजुरी सर्वोच्च न्यायालयानं मे २०२२ मध्ये रद्द केली. २०२० च्या जानेवारीत म्हादईच्या रानात वाघीण आणि तिचे तीन बछडे विष घालून मारले गेले. त्यानंतर जुलै २०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानं तीन महिन्यांत व्याघ्र प्रकल्प जाहीर करा, असा आदेश दिला आणि राज्य सरकार त्याविरुद्ध वर गेलं. रानातल्या वाड्यांवरच्या लोकांना विस्थापनाची भीती वाटते, ती खोटी म्हणता येत नाही. भीमगडच्या गावांत आपण तोच प्रश्न रोज बघतो.

जायचं कसं? बेळगावहून खानापूर, रामनगर, अनमोडमार्गे मोले शंभर किलोमीटरच्या आत. पावसाळ्यात घाटात दरड आली तर चोर्ल्यावरून वळसा पडतो. रेल्वेनं कुळे गाठणं सोयीचं. वास्को-निजामुद्दीन गोवा एक्सप्रेस याच घाटातून जाते, त्यामुळं ग्वाल्हेर, भोपाळकडच्या मंडळींना गाडी बदलावी लागत नाही, आणि दूधसागर खिडकीतूनही दिसतो. मोले-कुळ्यात राहायची सोय आहे, शनिवार-रविवारी आधी सांगून ठेवावी. रानात शिरल्यावर मोबाईलला रेंज नसते, तेव्हा घरी सांगायचं ते नाक्यावरूनच सांगा. परतताना घाट उजेडात ओलांडा. अंधार पडल्यावर गवे डांबरावर येतात आणि वळणावर दिव्याच्या झोतात एकदम समोर दिसतात.