राजवैद्य मगिल यांचा कालनिर्णय

अंबरनाथच्या शिवमंदिरातील शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० हे वर्ष कोरलेले आहे. त्या वास्तूच्या काळाविषयी त्यामुळे फारसा वाद उरत नाही. प्राचीन बौद्ध दानलेखांच्या बाबतीत ही सोय बहुधा नसते. कन्नड तालुक्यातील पितळखोरे लेण्यांमध्ये ‘राजवेज वछीपुत मगिल’, म्हणजे वत्सीचा पुत्र राजवैद्य मगिल, यांचे दान नोंदलेले आहे. त्यांची कन्या दता आणि पुत्र दतक यांच्याही नोंदी तेथे आहेत. मात्र त्यांत वर्ष नाही व राजाचे नावही नाही.

मग काळ ठरवावयाचा कसा? पहिला आधार लिपीचा. येथील ब्राह्मी अक्षरे अशोकाच्या लेखांनंतरची, परंतु नाशिक व कार्ले येथील इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील लेखांच्या पुष्कळ आधीची आहेत. दुसरा आधार शिल्पाचा. लाकडी बांधणीचे अनुकरण करणारी मूळ रचना हीनयान काळाची साक्ष देते. या दोहोंवरून अभ्यासक मगिल यांना इ. स. पूर्व दुसऱ्या शतकात ठेवतात. काही जण पहिल्या शतकापर्यंत खाली आणतात.

याहून नेमके उत्तर हा पुरावा देत नाही. भगवान बुद्धांचे वैद्य जीवक यांच्याबाबतही हीच अडचण आहे. विनयपिटकानुसार ते बिंबिसार राजाचे समकालीन होते. परंतु महापरिनिर्वाणाचे वर्ष थेरवादी परंपरेने इ. स. पूर्व ५४४, अनेक आधुनिक इतिहासकारांनी ४८३, तर काहींनी ४०० च्या सुमारास मानले आहे. त्याबरोबर जीवकांचा काळही सरकतो. अशा स्थितीत त्यांचे जन्मवर्ष छापणे हा इतिहास नव्हे.

आपल्या पूर्वजांना अधिकाधिक प्राचीन ठरविण्याचा मोह आपणांसही होतो. तथापि कालामांना तथागतांनी परंपरेवर आंधळा विश्वास ठेवण्यास सांगितले नाही. मगिल यांचे मोठेपण शतकाच्या आकड्यात नाही. राजदरबारी मान असलेला वैद्य मातेच्या नावाने स्वतःची ओळख देतो, आणि त्याची कन्या दान देऊन स्वतःचे नाव दगडावर कोरविते. रायगड जिल्ह्यातील कुडा लेण्यांतही पुढील काळात वैद्य सोमदेव आपले पिता वैद्य इसिरखित यांचा ‘उपासक’ म्हणून उल्लेख करतात. वैद्यकुळे धम्माशी जोडलेली होती, हे या शिळा निःसंशय सांगतात. जेवढे त्या सांगतात तेवढेच आपण ठामपणे सांगावे.