पाथरीचा ज्ञानराज आणि डार्विनचा धडा

जानेवारी 2018 मध्यें तेव्हांच्या औरंगाबादेस मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनीं डार्विनचें मत चूक ठरवून तें शाळांतून काढावें असें सांगितलें. कारण काय, तर वानराचा मनुष्य झालेला कोणा पूर्वजानें पाहिला नाहीं! देशांतील तीन विज्ञान-अकादमींनीं मिळून त्याचें खंडन केलें.

हा झगडा या मुलखास नवा नव्हे. बोरी ज्या परभणी जिल्ह्यांत आहे, त्याच जिल्ह्यांतील पाथरीच्या ज्ञानराजानें 1503 च्या सुमारास ‘सिद्धान्तसुंदर’ रचिलें. पुराणांत पृथ्वी सपाट, मध्यें मेरु. ज्योतिष्यांच्या मतें ती गोल. दोहोंचा मेळ घालण्याची त्यानें फार खटपट केली. ग्रहणाचें गणित मात्र गोलावरच मांडिलें. दोन्ही शेजारीं शेजारीं शिकवा म्हणणारांनीं एवढें तरी पाहावें.

2018 सालींच आलेल्या राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञान-पुस्तकांत आनुवंशिकता व उत्क्रांती हा धडा आरंभींच घातला गेला. उलट 2023 मध्यें, भार हलका करण्याच्या सबबीवर, केंद्रीय परिषदेच्या दहावीच्या पुस्तकांतून उत्क्रांति वगळण्यांत आली. ती बारावीच्या जीवशास्त्रांत तेवढी उरली. दहावीनंतर विज्ञान सोडणाऱ्या मुलाच्या कानीं तें नांव शाळेंत पडावयाचें कधीं?